सदाफुलीची पाने चावण्याआधी

सदाफुली मूळची भारतातलीच ना?

नाही, मादागास्करची. तिच्या कॅथरॅन्थस या प्रजातीतल्या जातींपैकी फक्त एक, लहानशा पांढऱ्या फुलांची, भारत-श्रीलंकेतली आहे.

रोज पाणी घालूनही रोप मान टाकते, बुंधा काळा पडतो.

रोज पाणी घालता म्हणूनच. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी द्या. काळा बुंधा म्हणजे कूज. ते रोप मातीसकट टाका.

फुले हिरवी, पानांसारखी येताहेत. नवी जात असेल का?

रोग आहे. तुडतुडे तो पसरवतात. रोप आजच उपटा, कटिंगही घेऊ नका. आसपासची रोपेही अशी दिसू लागली, तर कृषी अधिकाऱ्याला दाखवा.

मधुमेहासाठी रोज चार पाने खाल्ली तर चालेल का? औषध थांबवता येईल?

दोन्हीला नाही. हा प्रश्न मला सतत येतो, आणि विचारणारे बहुतेक जण आधीच पाने खात असतात! कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर हेच तपासत होते. पाल्याचा अर्क पाजून उंदरांची साखर फारशी हलली नाही. तोच टोचल्यावर मात्र पांढऱ्या पेशी घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने दगावले. त्यातूनच १९५८मध्ये व्हिन्ब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध हाती लागले. पुढे याच रोपातून आलेले व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही वापरतात. पण मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर नाही, तेही फक्त शिरेतून आणि रक्त तपासून. तुमच्या चार पानांत कोणते अल्कलॉइड (अशी औषधे ज्यापासून बनतात ते वनस्पतीतले तीव्र रसायन) किती, हे कोण मोजणार? ‘शेजाऱ्यांना गुण आला’ हा पुरावा नव्हे. शेजारी गोळीही घेत असतात, ते सांगायचे राहून जाते. औषध परस्पर बंद करू नका. पाने खात असाल तर थांबवा आणि डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा.

सदाफुलीची पावडर ‘कर्करोगावर नैसर्गिक उपाय’ म्हणून मिळते. घ्यावी का?

घेऊ नका. इस्पितळातल्या औषधाची पुण्याई सुक्या पाल्याला चिकटवून विकणे ही शुद्ध फसवणूक आहे. पावडरीच्या नादात उपचाराचे महिने वाया जातात, हे मला सर्वांत जास्त सलते. गाठ असेल, तर या आठवड्यातच कर्करोगतज्ज्ञाला दाखवा.

लहान मुलाने पाने चघळली तर?

तोंडातले काढा, चूळ भरायला लावा, उलटी करवू नका. लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा. जाताना रोपाची फांदी सोबत न्या.