चार हजारांत ऑनलाइन मिळणारी फेवर लुबा या स्विस कंपनीची जुनी ‘सी चीफ’ घड्याळं खरी असतात का?

मशीन बहुतेकदा खरं असतं. डायलचं तसं नाही. साठ वर्षांच्या घड्याळाला चकचकीत निळा किंवा केशरी डायल दिसला, की तो पुन्हा रंगवलाय असं धरूनच चाला. परदेशी संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. फेवर लुबाचा मुंबईशी संबंध १८६५ पासूनचा, त्यामुळे सुटे भाग इथे मुबलक, आणि दोन-तीन घड्याळांचं मिळून एक करणारे हातही.

आधी डायलचा जवळून काढलेला फोटो मागवा. मूळ छपाईची अक्षरं भिंगाखालीही रेखीव दिसतात. रंगवलेल्या डायलवर सहाच्या खालचं ‘स्विस मेड’ फुगलेलं, तिरकं, नाहीतर गायबच. तासांच्या धातूच्या पट्ट्यांच्या बुडाशी रंग साचला असेल, तर तो पट्ट्या बसवल्यानंतर मारलाय.

मग झाकण उघडून मशीनचा फोटो. डायलवर ‘ट्विन पॉवर’ असेल तर आत दोन बॅरल (मुख्य स्प्रिंगचे डबे) हवेत. १९६२ चं २५१ कॅलिबर (मशीनचं मॉडेल) तसंच आहे: जाडी जेमतेम २.९५ मिमी, एकदा चावी दिली की सुमारे ५० तास चालतं. एकच बॅरल दिसला तर डायल आणि मशीन वेगवेगळ्या घरचे.

‘स्टेनलेस स्टील बॅक’ या शब्दांना भुलू नका. स्टील फक्त झाकणाला, बाकी केस बहुधा पितळेवर क्रोम. पट्टा अडकवायच्या कानांमागे घामाने पडलेले खड्डे पॉलिशने जात नाहीत.

‘चावी जास्त दिली म्हणून अडकलं’ हे दुकानातलं पालुपद. चावी पूर्ण भरूनही बंद म्हणजे बहुधा तेल सुकून घट्ट झालंय. टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या यंत्रावर) पूर्ण चावीनिशी, डायल वर ठेवून अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स चाकाचा झोका, २५० अंशांच्या पुढे असेल तर उत्तम. २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरा.

घरी उघडणार असाल तर एक सांभाळा. स्टेम (चावीची दांडी) काढताना ती धरून ठेवणाऱ्या सेटिंग लिव्हरचा स्क्रू एखादाच फेरा सैल करा. पूर्ण काढलात तर लिव्हर डायलखाली सुटतो, मग तो बसवायला काटे-डायल सगळं उतरवावं लागतं. आणि झाकणावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असलं तरी पावसात घालू नका. चावीजवळचा गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) केव्हाच कडक झालेला असतो, आणि गंज पहिला तिथल्याच स्टेमला धरतो.