रेणूचा आकार ओळखताना आधी संकरण काढावे की इलेक्ट्रॉन जोड्या मोजाव्यात?

आधी जोड्या मोजाव्यात. (संकरण म्हणजे अणूचे कक्षक, म्हणजे इलेक्ट्रॉन जिथे आढळतात ते भाग, एकमेकांत मिसळून नवे कक्षक तयार होतात ही कल्पना.) परीक्षेत कोणती पद्धत वापरावी असे आपण विचारले आहे आणि याबाबत माझे मत ठाम आहे, कारण पदवीच्या वर्गात असताना याच मुद्द्यावर माझे गुण कापले गेले होते.

प्रश्न झेनॉन टेट्राफ्लोराइडच्या आकाराचा होता. झेनॉनच्या संयुजा कवचात, म्हणजे सर्वांत बाहेरच्या कवचात, ८ इलेक्ट्रॉन असतात. त्यांपैकी ४ इलेक्ट्रॉन चार फ्लोरिन अणूंच्या एकेका इलेक्ट्रॉनाशी जोडी करून चार बंध करण्यात खर्ची पडतात आणि उरलेल्या ४ इलेक्ट्रॉनांच्या दोन एकाकी, म्हणजे बंधात नसलेल्या, जोड्या होतात. अशा एकूण सहा जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर राहू पाहतात, तेव्हा त्या अष्टफलकाच्या सहा शिरोबिंदूंकडे वळतात. एकाकी जोडीवर एकाच अणुकेंद्राचा ताबा असल्यामुळे ती अधिक पसरते आणि तिचे प्रतिकर्षणही अधिक असते. म्हणून त्या दोन जोड्या बरोबर समोरासमोर जातात आणि चारही फ्लोरिन अणू एका प्रतलात चौरसाच्या कोपऱ्यांवर येतात. मी एवढेच लिहिले होते. सरांनी ‘चौरस प्रतलीय’ या उत्तरावर बरोबरची खूण केली आणि संकरण लिहिले नाही म्हणून निम्मे गुण कापले. विचारायला गेलो, तेव्हा रेणूला आकार संकरणामुळेच मिळतो, असे त्यांनी सांगितले. त्यावर मी विचारले, की ऑक्सिजन आणि गंधक एकाच गणातले, दोघांचेही दोन बंध आणि दोन एकाकी जोड्या. मग एसपी-३ संकरण (एक एस आणि तीन पी कक्षकांचे मिश्रण) हेच कारण असेल, तर पाण्यातला कोन १०४.५ अंश आणि हायड्रोजन सल्फाइडमधला सुमारे ९२ अंश का? ‘हे अभ्यासक्रमात नाही,’ एवढेच उत्तर मिळाले. गेलेल्या गुणांपेक्षा ते उत्तर मला अधिक लागले आणि ते मला आजही मान्य नाही.

कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या दिशांनी जातात हे व्हान्ट हॉफ आणि ल बेल या रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ मध्येच मांडले होते. तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. संकरणाची कल्पना रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग यांनी १९३१ मध्ये मांडली, ती आधीच ठाऊक असलेल्या या आकाराशी कक्षकांचा मेळ घालण्यासाठी. आकार माहीत झाल्यावर जे लिहिले जाते, त्याला आकाराचे कारण म्हणणे हा तर्काचा उलटा क्रम आहे. गिलेस्पी आणि नायहोम या रसायनशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये जोड्यांच्या प्रतिकर्षणाची जी रीत पक्की केली, तिच्यात निदान आकार माहीत नसताना तो काढता येतो.

अर्थात या रीतीलाही मर्यादा आहेत. गंधक ऑक्सिजनपेक्षा आकाराने मोठा आणि कमी विद्युतऋण (बंधातले इलेक्ट्रॉन कमी ओढणारा) असल्यामुळे त्याच्या बंधातल्या जोड्या केंद्रापासून दूर राहतात आणि कोन आक्रसतो, इतके ती सांगते. ९२ हा आकडा तिच्यातून निघत नाही. संक्रमण धातूंच्या संयुगांत तर ती अनेकदा चुकते. कार्बनी संयुगांतल्या दुहेरी आणि तिहेरी बंधांचे वर्णन करताना संकरणासारखी सोयीची भाषा नाही, हेही मी मान्य करतो.

परीक्षेत लुईस संरचना (बंध आणि एकाकी जोड्या दाखवणारी आकृती), जोड्यांची संख्या, आकार आणि कोन याच क्रमाने लिहा. संकरण विचारलेच असेल, तर ते शेवटच्या ओळीत लिहा. त्यावरून कोणी गुण कापलेच, तर हायड्रोजन सल्फाइडचा कोन एसपी-३ संकरणातून काढून दाखवण्याची विनंती त्यांना अवश्य करा.