मोर नाचतोय पण मशीन कुठंय?

प्रश्न: सर, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी आम्ही डेबियन या तयार लिनक्सवरून स्वतःची लिनक्स बनवतोय. सुरू होताना दिसायला मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मोर पिसारा फुलवतो असं 12 सेकंदांचं अॅनिमेशन केलं, 360 फ्रेम, सगळ्या फुल एचडी. लॅबच्या एसएसडीवाल्या मशीनवर पिसारा अर्धा उघडतो तोवर लॉगिन येतं, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर मोर पुतळ्यासारखा उभा राहतो, आई म्हणते हँग झाला. लॉगिन थोडं थांबवता येईल का?

उत्तर: येतं, पण थांबवू नकोस रे. ताट वाढून तयार आहे आणि पाहुण्याला दारात रांगोळी बघत उभं केलंय असं होईल ते. आईचं ऐक, कारण त्या स्क्रीनचं काम एवढंच, की मी चालू आहे, जरा थांबा.

विंडोज 7 चं आठव, रंगीत ठिपके येऊन त्यांचा लोगो व्हायचा. त्यात फक्त 105 फ्रेम होत्या, 200 बाय 200 पिक्सेलच्या, सेकंदाला 15, म्हणजे 7 सेकंदांचा माल, आणि बूट, म्हणजे मशीन सुरू होणं, लांबलं की शेवटचा तुकडाच फिरत राहायचा. विंडोज 95 तर त्याहून कंजूष, ढगांच्या चित्राखाली जी पट्टी सरकायची ती सरकत नव्हतीच, चित्र एकच, 256 रंगांचं, नुसते पॅलेटमधले, म्हणजे चित्राच्या रंगांच्या यादीतले, रंग फिरवायचे, गणपतीच्या मंडपातल्या लायटिंगच्या माळेसारखं, बल्ब जागेवरच आणि उजेड पळतोय. मला आजही ती आयडिया सगळ्यात भारी वाटते.

तर मोराचे दोन भाग कर. पिसारा दीड सेकंदात उघडू दे, मग पिसांवरचे डोळे हलके चमकत राहू देत, या चमकण्याची शेवटची फ्रेम त्याच्याच पहिलीला जुळली पाहिजे. कुठेही कापलं तरी अर्धवट दिसणार नाही.

आता साइज. फुल एचडीची एक फ्रेम मेमरीत उघडली की साधारण 8 एमबी, गुणिले 360, जवळजवळ 3 जीबी! लॅपटॉप आधीच म्हातारा, त्यात तुझा मोर त्याच्या डोक्यावर. शिवाय ही चित्रं मुख्य डिस्क माउंट व्हायच्या, म्हणजे वापरात यायच्या, आधीच लागतात म्हणून इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे सुरुवातीलाच मेमरीत उघडणाऱ्या छोट्या फाइल-पेटीत, जातात, तीही फुगते. मागे साधा एक रंग ठेव आणि मोर 200 बाय 200 चा कर, मग फ्रेमला 160 केबी. लिनक्समध्ये हे अॅनिमेशन दाखवतो तो प्लायमाउथ नावाचा प्रोग्राम, त्याच्या स्क्रिप्टमध्ये रिफ्रेश फंक्शन सेकंदाला 50 वेळा येतं, दर वेळी फ्रेम बदललीस तर मोर पिसाटल्यासारखा करेल, दर दुसऱ्या वेळी बदल, सेकंदाला 25 पुरेत.

आणि एक, डिस्क एनक्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय न उघडणारी, असेल तर पासवर्डचा चौकोन दाखवायचा कोडही लिही. नाहीतर मशीन पासवर्डची वाट बघतंय, मोर नाचतोय, आणि माणूस चहा प्यायला गेलाय.

प्रश्न: फोनच्या बूट अॅनिमेशनची झिप बदलली, आता स्क्रीन काळीच राहते. फ्रेम सगळ्या नीट आहेत.

उत्तर: झिप करताना कॉम्प्रेशन चालू राहिलं असणार, अँड्रॉइडला ती 'स्टोअर' मोडमध्ये लागते, म्हणजे फाइली न दाबता नुसत्या बांधलेल्या. तरी नाही झालं तर आतली desc.txt नावाची टेक्स्ट फाइल बघा, पहिल्या ओळीत रुंदी, उंची आणि सेकंदाला किती फ्रेम ते.