वडील, काका आणि आता मी: मुतखडा आनुवंशिक असतो का?

वडिलांना आणि काकांना मुतखडा होता, आता तुम्हाला झाला. मग हा आनुवंशिकच का आणि टोमॅटो सोडावा का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. नागपुरात राहतो आणि दोनदा खडा पडलाय, एवढाच माझा अनुभव.

टोमॅटो खुशाल खा. ज्यापासून बरेच खडे बनतात ते ऑक्सलेट त्यात फार नसतं, पालकात असतं.

जवळच्या नात्यात कुणाला असेल तर आपला धोका साधारण दुपटीहून जास्त धरतात. पण नेमकं काय बिघडलंय ते घरोघरी, अगदी माणसागणिक वेगळं. आमच्याकडेच बघा. दादा आणि मी एकाच घरात, एकाच बोअरचं पाणी पिऊन वाढलो. त्याचा खडा एक्स-रेत दिसलाच नाही, सोनोग्राफीत सापडला: युरिक अ‍ॅसिडचा. त्याला शुगर आहे, पोट सुटलंय. अशा शरीरात इन्सुलिन नीट चालत नाही, लघवी आम्ल होते आणि तिचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकी आम्लता जास्त) 5.5 च्या खाली गेला की युरिक अ‍ॅसिड साचायला लागतं. लघवीची आम्लता कमी करणाऱ्या औषधाने त्याचा खडा चक्क विरघळला.

माझा मी चहाच्या जुन्या गाळणीत पकडला (बायकोने ती गाळणी लगेच फेकली). तपासला तर कॅल्शियम ऑक्सलेट. मग 24 तासांची लघवी तपासायला सांगितली. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, वेळ लिहायची आणि तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी कॅनमध्ये. मे महिना, बाहेर 44 अंश. पाच लिटरच्या कॅनमध्ये जेमतेम 900 मिली! हवी अडीच लिटर. पाणी मी पीत होतो, पण ते घामावाटेच जात होतं. शिवाय लघवीत सायट्रेट (संत्र्या-लिंबात असतं ते) कमी. हे सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, ऑक्सलेटशी जुळू देत नाही. संत्र्याच्या गावात राहून सायट्रेट कमी, यावरून घरात अजून चिडवतात.

पहिल्या खड्यानंतर कुणाच्या तरी सांगण्यावरून मी दूध-दही बंद केलं होतं. शुद्ध मूर्खपणा. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला बांधून टाकतं. ते नसलं की ऑक्सलेट जास्त शोषलं जातं. लघवीत कॅल्शियम जास्त जाणाऱ्या 120 पुरुषांवरचा इटलीतला पाच वर्षांचा अभ्यास 2002 मध्ये आला. कॅल्शियम तोडलेल्या 60 जणांपैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीचंच ठेवून मीठ-मटण कमी केलेल्या 60 पैकी 12 जणांना. कमी करायचंच तर पापड-लोणचं करा, मिठामुळे लघवीतून कॅल्शियम जास्त जातं.

तुम्ही वय लिहिलं नाही. पहिला खडा लहानपणी किंवा विशीच्या आत झाला असेल, तर सिस्टिन्युरिया (लघवीत सिस्टिन नावाचा घटक जास्त जाणं) किंवा प्रायमरी हायपरऑक्सल्युरिया (शरीरातच ऑक्सलेट जास्त बनणं) असू शकतो. हे मात्र खरेच जनुकीय आजार, बहुधा आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होणारे. आईवडिलांचं लग्न नात्यातलं असेल, मामाच्या मुलीशी वगैरे, तर तेही नेफ्रॉलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरला) आधीच सांगा.