पीक विम्यावर अभ्यास करायचाय, वाचू काय?

प्रश्न : आदरणीय बाई, मी लातूरला एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी ‘पीक विमा आणि जोखीम व्यवस्थापन’ हा विषय घेतलाय. गुगलवर शोधलं की जाहिराती आणि बातम्याच येतात, आणि चांगला लेख दिसला की तो उघडायला डॉलर मागतात. कुठली नियतकालिकं वाचू? हा विषय घेतला, कारण एका खरिपात आमच्या सोयाबीनच्या शेंगा भरल्याच नाहीत. हप्ता भरलेला होता, तरी एक रुपया आला नाही.

उत्तर : तुझं शेवटचं वाक्य हाच तुझा विषय आहे. वरचं शीर्षक खोडून टाक. मी ३१ वर्षं ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात काढली. नियतकालिकांची यादी मागणाऱ्या मुलांना मी आधी एकच विचारायचे, ‘तुला नेमकं काय कळत नाहीये?’ ते सांगता आलं की निम्मा शोध तिथेच संपतो.

तुला न कळलेली गोष्ट अशी. उत्पादन घटलं की पीक विमा तुमचं एकट्याचं शेत बघत नाही, अख्खं महसूल मंडळ, म्हणजे तालुक्यातला गावांचा गट, बघतो. मंडळातल्या काही निवडक शेतांत पीक कापून उत्पादन मोजतात, त्याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. त्यांची सरासरी उंबरठा उत्पादनाशी ताडतात. त्याच्या खाली गेलं तरच भरपाई. गेल्या ७ वर्षांतल्या चांगल्या ५ वर्षांची सरासरी हेक्टरी १२ क्विंटल असेल आणि जोखीमस्तर, म्हणजे त्या सरासरीतला विम्याने हमी दिलेला वाटा, ७० टक्के असेल, तर उंबरठा ८.४ क्विंटल. मंडळाचं उत्पादन ६.३ आलं तर तूट २.१ क्विंटल, उंबरठ्याच्या पाव हिस्सा, म्हणजे विमा संरक्षित रकमेच्या २५ टक्के भरपाई. मंडळाची सरासरी ९ आली आणि तुमच्या शेतात ३ क्विंटल निघालं, तर हातात शून्य. या दरीला विम्याच्या अभ्यासात ‘बेसिस रिस्क’ म्हणतात. हे शब्द इंग्रजीत टाइप करून गुगल स्कॉलरवर, म्हणजे फक्त अभ्यासलेख शोधणाऱ्या गुगलच्या पानावर, शोध, सोबत ‘एरिया यील्ड’ आणि ‘इंडिया’ जोड. जाहिराती मागे पडतील.

पहिला लेख मात्र जुना वाच. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये भारतातल्या पीक विम्यावर लिहिलं. एकेका शेताऐवजी क्षेत्र धरून विमा द्यावा, ही मांडणी त्यात आहे आणि आजची योजना तिच्यावरच उभी आहे. त्याआधी, १९२० मध्ये, म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्तींनी पावसावर आधारलेल्या विम्याचा आराखडा छापला होता. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला तुझ्या घरचाच प्रश्न पडला होता, हे मला आजही फार मोलाचं वाटतं.

आता पैशांचं. तुझं महाविद्यालय सरकारी असेल तर ग्रंथपालांना ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’बद्दल विचार. जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना त्यातून सुमारे १३ हजार नियतकालिकं मिळतात. ‘जर्नल ऑफ रिस्क अँड इन्शुरन्स’ आणि ‘जिनिव्हा पेपर्स’ ही दोन तिथे शोध. महाविद्यालय सरकारी नसेल तर गुगल स्कॉलरवर लेखाखालच्या ‘सर्व आवृत्त्या’ उघड. पुष्कळदा लेखकानेच ठेवलेला मसुदा फुकट सापडतो. नाही सापडला तर लेखकाला सरळ ईमेल कर. बहुतेक जण आनंदाने लेख पाठवतात. आपल्या विद्यापीठांतले प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर आहेत. त्यांच्या संदर्भसूच्या आधी चाळ, प्रकरणं मागाहून.

एक सांगते, ते मनावर घे. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने ‘दोन दिवसांत लेख छापू’ म्हणणाऱ्या नियतकालिकाला पैसे भरले. लेख छापला, पण छापण्याआधी कुणी वाचून तपासला नव्हता. तक्त्यातली बेरीजसुद्धा चुकीची तशीच राहिली, आणि तोंडी परीक्षेत तिच्या डोळ्यांत पाणी आलं. यूजीसीची विश्वासार्ह नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे पारख आता आपणच करायची. कुठल्याही नियतकालिकाचे दोन जुने अंक उघडून नीट वाच, कळतं.

आकड्यांसाठी विमा नियामकाचा वार्षिक अहवाल आहे, पण त्यात देशाचं आणि राज्याचं चित्र मिळतं. तुझं मंडळ तिथे सापडणार नाही. राज्याच्या संकेतस्थळावरून त्या हंगामाचा पीक विम्याचा शासन निर्णय उतरवून घे. मंडळनिहाय कापणी प्रयोगांचे आकडे तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी माग, नाही दिले तर माहिती अधिकाराचा अर्ज कर. १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर यायला हवं, म्हणून अर्ज या आठवड्यातच टाक. त्याआधी घरातली विमा भरल्याची पावती शोध. गाव, गट क्रमांक, पीक आणि हंगाम तिच्यावरून अर्जात जसंच्या तसं उतरव.