वाचक विचारतात : ससेक्सचे किल्ले, पॅव्हिलियन आणि छत्री

मुलगी लंडनला असते. मे महिन्यात आम्ही दोघं (वय ६६ आणि ६२) तिच्याकडे जातोय. दक्षिण इंग्लंडमधल्या ससेक्सची ऐतिहासिक ठिकाणं बघायची आहेत. सगळीकडे चालेल असा एखादा पास मिळतो का? – ठाणे

सगळीकडे चालणारा पास नाही, आणि पैसे वाया जातात ते नेमके इथंच. बॅटल ॲबी (जुना मठ) आणि पेव्हेन्सीचा किल्ला इंग्लिश हेरिटेज या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहेत. बोडिअमचा किल्ला आणि किपलिंगचं बेटमन्स हे घर नॅशनल ट्रस्ट या दुसऱ्या संस्थेकडे. लुईसचा किल्ला आणि फिशबर्नचा रोमन वाडा स्थानिक पुरातत्त्व संस्थेकडे, तर ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियन या जुन्या राजवाड्याचा कारभार आणखी निराळा. एकाचा पास दुसऱ्याकडे दाखवून काही उपयोग होत नाही.

परदेशी पाहुण्यांसाठी इंग्लिश हेरिटेजचा ९ किंवा १६ दिवसांचा पास असतो. पण ससेक्समध्ये त्यांच्या तिकीट लागणाऱ्या मोठ्या जागा बॅटल आणि पेव्हेन्सी या दोनच. शेजारच्या केंटमधला डोव्हरचा किल्ला किंवा स्टोनहेंजही करणार असाल, तर पासाचा हिशेब जमतो. एरवी सुटी तिकिटंच काढा. ज्येष्ठांची सवलत इंग्लिश हेरिटेजकडे ६५ पासून आहे, म्हणजे तुमच्यापैकी एकालाच मिळेल. नॅशनल ट्रस्टच्या रोजच्या तिकिटात ती मुळातच नाही.

खिडकीवर ‘गिफ्ट एड?’ असं विचारतात, तेव्हा नको म्हणा. ब्रिटनमध्ये प्राप्तिकर भरणाऱ्यांच्या देणगीवर सरकार संस्थेला कराची रक्कम देतं, त्यासाठीची ती सोय आहे. त्या पर्यायात तिकीट थोडं महाग पडतं आणि पाहुण्यांना तो लागूच होत नाही.

बॅटल, पेव्हेन्सी आणि बोडिअम एका दिवसात, गाडीशिवाय होतील का? – नाशिक

दोन होतील, तीन नाही. बोडिअम सोडा. मुख्य मार्गावरचं त्याचं जवळचं स्टेशन रॉबर्ट्सब्रिज, आणि तेही आठेक किलोमीटर लांब. टेंटरडेनहून वाफेच्या इंजिनाची गाडी थेट बोडिअमला येते, पण ती हंगामातल्या ठरावीक दिवशीच धावते. १३८५ साली बांधायला घेतलेला हा किल्ला खंदकाच्या पाण्यात कोपऱ्यांच्या चारी बुरुजांसह उभा दिसतो. आत मात्र छप्पर नाही, खोल्यांच्या नुसत्या भिंती उरल्या आहेत. बंगालची फाळणी करणाऱ्या लॉर्ड कर्झननं तो विकत घेऊन दुरुस्त केला आणि मृत्युपत्रानं नॅशनल ट्रस्टला दिला.

सकाळी लंडनच्या चेरिंग क्रॉसहून हेस्टिंग्जची गाडी धरा आणि बॅटलला उतरा. स्टेशनवरून ॲबी चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई याच उतारावर झाली; नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड याला हरवलं ती हीच. विल्यमनं नंतर इथं मठ बांधला, आणि राजा हॅरॉल्ड पडला त्या जागी मुख्य वेदी उभारली असं मानतात. वेदीची जागा आता दगडानं दाखवली आहे. आधी रणभूमीची फेरी करा, म्हणजे उतार पायांना कळतो आणि वर उभ्या असलेल्या हॅरॉल्डच्या ढालींची भिंत इतका वेळ का टिकली हेही उमगतं. जमीन चिकणमातीची, पावसानंतर बूट रुतवणारी. चप्पल-सँडल नकोच. मठाच्या एका भागात शाळा भरते, तो एरवी बघता येत नाही.

मग हेस्टिंग्जला गाडी बदलून ‘पेव्हेन्सी अँड वेस्टहॅम’ला उतरा. समुद्र शोधू नका, तो मागं हटला आहे. विल्यम उतरला तेव्हा पाणी तटाजवळ होतं. बाहेरचा रोमन तट बघायला पैसे पडत नाहीत, तिकीट आतल्या नॉर्मन किल्ल्याचं. १९४० मध्ये जर्मन हल्ल्याच्या भीतीनं जुन्या भिंतीत मशीनगनसाठी कोनाडे बांधले आणि ते ओळखू येऊ नयेत म्हणून तसलेच दगड लावले. ते हुडकण्यात मुलांचा तास सहज जातो. हिवाळ्यात अशा जागा बरेचदा फक्त शनिवार-रविवारी उघडतात. शेवटचा प्रवेशही बंद होण्याच्या बराच आधी असतो, तेव्हा निघण्यापूर्वी त्या तारखेची वेळ बघून घ्या.

ब्रायटनजवळ भारतीय सैनिकांचं स्मारक आहे म्हणे. कसं जायचं? – पणजी

त्याला ‘छत्री’च म्हणतात. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून ब्रायटन गाडीनं साधारण तास. लंडनच्या प्रवासाचं ऑयस्टर कार्ड या मार्गावर गॅटविक विमानतळापर्यंतच चालतं, पुढचं तिकीट आधी काढा. नाहीतर दंड भरावा लागतो.

आधी पॅव्हिलियन बघा. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१४ पासून, इथं जखमी भारतीय सैनिकांचं इस्पितळ होतं. नृत्य-संगीताच्या दालनात खाटा, आवारात धर्म-जातीनुसार नऊ स्वयंपाकघरं, हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे. वरच्या मजल्यावर त्याचं छोटं दालन आहे. लोक घाईत ते चुकवतात.

दगावलेल्या हिंदू-शीख सैनिकांपैकी ५३ जणांना शहराबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला, तिथं १९२१ मध्ये पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स यांचा. मुसलमान सैनिकांना सरे परगण्यातल्या वोकिंगला दफन केलं. त्यामुळे छत्रीशेजारच्या भिंतीवर त्यांची नावं शोधू नका.

छत्रीपर्यंत मोटार जात नाही. पॅचमपर्यंत बस, पुढं कुरणातून चढणीची पायवाट. सावकाश गेलात तर पाऊण तास धरा. वाटेत पाणी, स्वच्छतागृह, सावली काही नाही. ओल्या खडूच्या मातीवर पाय घसरतो आणि वर वारा बोचरा असतो. गुरं चरत असतात, तेव्हा प्रत्येक फाटक आपल्या मागं लावून घ्या. दरवर्षी जूनमध्ये इथं मानवंदनेचा कार्यक्रम होतो. तारीख जुळत असेल तर तोच दिवस धरा.