दिवेलागणीला ठेचाळणारी नात

प्रश्न : माझी नात सव्वातीन वर्षांची आहे. दिवसभर ती व्यवस्थित खेळते; पण दिवेलागण झाली की उंबऱ्याला ठेचाळते आणि पुढ्यातली ताटली हाताने चाचपडत शोधते. ती लाडात येऊन असे करते, असे सूनबाईंचे म्हणणे आहे. दिवाळीनंतर आमचे घर वीटभट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडाशी परतते, त्यामुळे अंगणवाडीतला डोस तिला मिळाला की नाही, हे कोणालाच नीट सांगता येत नाही. घरी नागलीची भाकरी आणि भात पोटभर असतो. तिला गाजरे द्यावीत काय?
— एक आजोबा, ता. जव्हार, जि. पालघर

उत्तर : आजोबा, यात लाडाचा भाग नसावा; आपण वर्णन केलेली लक्षणे रातांधळेपणाची आहेत. अंधूक उजेडात दिसण्यासाठी डोळ्याच्या पडद्यात जे रंगद्रव्य लागते, ते ‘अ’ जीवनसत्त्वापासून तयार होते आणि ते कमी पडले की प्रथम संध्याकाळचे दिसणे जाते. दिवसा उजेडात तिच्या डोळ्याचा पांढरा भाग कानाच्या बाजूने पाहावा. तेथे साबणाच्या फेसासारखा पांढुरका डाग दिसला, तर शंका आणखी बळावते. डाग नसला तरी पुढच्या लसीकरणाच्या दिवसाची वाट न पाहता उद्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. बुबुळ निस्तेज किंवा धुरकट वाटले, तर मात्र उद्यावरही ढकलू नये, कारण तेथून दृष्टी कायमची जाऊ शकते.

या वयात उपचार म्हणून 2 लाख युनिटांचा डोस त्याच दिवशी, दुसरा दुसऱ्या दिवशी आणि तिसरा किमान दोन आठवड्यांनी देतात. गेल्या महिन्याभरात डोस झाल्याची आठवण असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण हे जीवनसत्त्व शरीरात साठते आणि अति झाले तर बाधते. साठते म्हणूनच तर एरवी नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर 1 लाख, दीड वर्षाच्या सुमारास 2 लाख आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 लाख युनिट, असे एकूण नऊ डोस पुरतात. भट्टीवर जाणाऱ्या मुलांचे नेमके हेच डोस हुकतात. म्हणून निघताना माता-बाल संरक्षण कार्ड सामानात घ्यावे आणि भट्टीजवळच्या गावातील आशाताईंना पहिल्याच आठवड्यात दाखवावे.

गाजर वाईट नाही, पण ते शहरातले उत्तर झाले. नागलीत कॅल्शियम भरपूर असले तरी ‘अ’ जीवनसत्त्व नावापुरतेच असते आणि पांढऱ्या भातात तर तेवढेही नसते. शेवग्याचा पाला, पावसाळ्यातला टाकळा, लाल भोपळा, पिकलेली पपई यांपैकी जे हाताशी असेल ते रोज द्यावे. पाला मऊ शिजवून, त्यात चमचाभर तेल घालून भातात कालवावा. तेलावाचून त्यातले सत्त्व फारसे अंगी लागत नाही. आदिवासी भागातील अंगणवाड्यांतून अमृत आहार योजनेखाली अंडे किंवा केळे मिळते. आपल्याकडे अंडे चालत असेल तर तेच घ्यावे, कारण बलकात हे जीवनसत्त्व तयार स्वरूपात असते. केळ्याने ही उणीव भरत नाही.

घरात आणखी लहान मूल असेल तर त्यालाही बरोबर न्यावे. डोसानंतर संध्याकाळचे दिसणे बहुधा काही दिवसांतच सुधारते, पण म्हणून तिसरा डोस टाळू नये. आणि तोवर अंधार पडल्यावर तिला चुलीपाशी किंवा विहिरीकडे एकटी सोडू नये.